घरात कुणाला

“घरात कुणाला मानसिक आजार? आई, वडील, भाऊ, बहीण?” डॉक्टर प्रेरणा मॅडमनी फॉर्मवरून मान वर न करता विचारलं, आणि ज्ञानेश्वरी तितक्याच सहज म्हणाली, “नाही.” मॅडमनी त्या ओळीपुढं बारीक रेघ ओढली आणि पुढचं विचारलं, शुगर आहे का, बीपी आहे का. त्यांचीही उत्तरं तिनं दिली. शेजारच्या खुर्चीत तिचा नवरा हनुमान छातीच्या एक्स-रेचं मोठं पाकीट मांडीवर आडवं धरून बसला होता. त्याच्याकडं तिनं बघितलं नाही. मॅडम सांगत होत्या की संधिवाताची सूज आता बोटांपुरती राहिलेली नाही, फुप्फुसाच्या आवरणापर्यंत गेली आहे, म्हणून श्वास घेताना बरगडीत टोचतं. काही आठवडे स्टेरॉइड द्यावं लागेल, सकाळी नाश्त्यानंतर चार गोळ्या. “विचारलं एवढ्यासाठी, की या गोळ्यांनी एखाद्याची झोप उडते, मन थाऱ्यावर राहत नाही, क्वचित भासही होतात. घरात तसं काही असेल तर आम्ही जपून देतो. तुमच्याकडं नाही, म्हणजे बरंय.” इथं तिला बोलता आलं असतं. मॅडम पेनाला टोपण लावत होत्या, शिक्का शोधत होत्या, तेवढा वेळ होता. तिनं पर्सची चेन उघडली, लावली, परत उघडली. बाहेर औरंगाबादच्या समर्थनगरात रस्त्यावर उन्हानं डांबर मऊ पडलं होतं. मोटारसायकलला चावी लावत हनुमान म्हणाला, “मॅडम चांगल्या हायेत. सगळं इचारून घेतेत.”

भावाचं नाव बिभीषण. तिच्याहून तीन वर्षांनी मोठा. पिशोरजवळच्या वस्तीवर वडिलांबरोबर, आप्पांबरोबर, राहायचा, मेंढरं राखायचा. दोन हजार तीन साली, यंदासारखाच दुष्काळ होता तेव्हा, तो कळप घेऊन घाटाखाली चाऱ्याला गेला आणि ताप घेऊन परत आला. तीन आठवडे ताप हटला नाही. मग ताप गेला आणि बोलणं सुरू झालं, कुणाशी ते कळायचं नाही. एका सकाळी तो शेजारच्या रानातल्या कोरड्या विहिरीत उतरून बसला. वर येईना. “वर लई गलका हाये,” म्हणाला. “हितं बरं हाये.” आप्पा दोन दिवस विहिरीच्या काठावर बसून राहिले, बादलीत भाकर ठेवून खाली सोडत राहिले. ज्ञानेश्वरी तेव्हा एकोणीस वर्षांची होती, औरंगाबादला लॅब टेक्निशियनचा कोर्स करत होती, निरोप मिळाल्यावर पहिल्या एसटीनं गेली. काठावर पालथी पडून तिनं हाक मारली तेव्हा त्यानं मान वर केली, पण तो तिच्याकडं बघत नव्हता. तिच्या मागं कुणीतरी उभं असल्यासारखं, तिच्या खांद्यावरून, तो बघत होता. आणि तिनं मागं वळून बघितलं होतं. तेरा वर्षांत हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, की एका क्षणापुरतं का होईना, तिलाही वाटलं होतं की मागं कुणीतरी आहे.

लग्न ठरताना मामानं हनुमानच्या घरी सांगितलं की भाऊ जरा देवभोळा आहे, रानातच रमतो. ते खोटं कुणाला खोटं वाटलं नाही. बिभीषणला तोवर सरकारी दवाखान्याच्या गोळ्या लागू पडल्या होत्या, तो जाड झाला होता, हळू बोलायचा, लग्नात त्यानं मांडवाच्या कडेला बसून गुपचूप बुंदी खाल्ली. पुढं दहा वर्षांत हनुमाननं त्याला चार-पाचदा बघितलं असेल. आईच्या मातीला, अक्षदाच्या जावळाला. आई, सुगंधाबाई, चार वर्षांपूर्वी गेली. शेवटी तिची सगळी बोटं करंगळीच्या बाजूला वळली होती, भाकरी थापता येत नव्हती, तांब्याला दोन्ही हात लावावे लागत. गावात त्याला वात म्हणत आणि बिभीषणच्या आजाराला बाहेरचं म्हणत, आणि ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं कुणाच्या डोक्यात येण्याचं कारण नव्हतं. ज्ञानेश्वरीच्याही आलं नव्हतं, गेल्या दिवाळीपर्यंत.

औरंगपुऱ्यातल्या ज्या लॅबमध्ये ती नोकरीला होती, तिथं तपासणीची रसायनं पुरवणाऱ्या कंपनीनं दिवाळीआधी एका हॉटेलात कार्यक्रम ठेवला होता. जेवणाआधी पुण्याहून आलेले एक डॉक्टर पडद्यावर चित्रं दाखवून बोलले. सूज म्हणजे फक्त सांधा सुजणं नव्हे, ते म्हणाले. शरीर आपल्या बचावासाठी जी रसायनं रक्तात सोडतं, ती मेंदूपर्यंतही पोचतात. मन खचलेल्या, भास होणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तात सुजेच्या खुणा वाढलेल्या सापडतात. एवढंच नाही, शरीराच्या बचावाशी संबंध असलेल्या काही जनुकांची नावं ह्या मनाच्या आजारांच्या यादीतही येतात. मग त्यांनी असंही सांगितलं की संबंध सापडला म्हणजे कारण सापडलं असं नव्हे, आणि सुजेचे बहुतेक रुग्ण मनानं ठणठणीत असतात. पण तोवर मागं ताटल्यांचे आवाज सुरू झाले होते, आणि नेमकं हे शेवटचं तिच्या ध्यानात राहिलं ते पुसट, कुणी दुसऱ्यानं ऐकून सांगितल्यासारखं. पहिलं मात्र अक्षरन्अक्षर राहिलं. आईची बोटं, दादाचं डोकं, एकच रक्त. तेव्हाच तिची स्वतःची बोटं सकाळी ताठू लागली होती. लॅबमध्ये दुपारी कुणी नसताना तिनं डाव्या हातानं उजव्या दंडाला पट्टा बांधून स्वतःचं रक्त काढलं आणि ईएसआरच्या काचेच्या उभ्या नळीत भरून ठेवलं. ह्या तपासणीत फक्त एक तास थांबायचं असतं. तांबड्या पेशी खाली बसत जातात, वर पिवळसर पाणी मोकळं होतं. सूज जितकी जास्त तितक्या पेशी भराभर खाली. हजारो माणसांच्या नळ्या तिनं लावल्या होत्या आणि कधी एकाही नळीकडं बघत बसली नव्हती. त्या दिवशी स्टूल ओढून बसली. तास व्हायच्या आतच तांबडं निम्म्याखाली उतरलं होतं. तिनं नळी धुतली, आकडा कुठं लिहिला नाही.

गोळ्या सुरू झाल्या आणि तिसऱ्या दिवशी तिची मूठ मिटली. सहा महिन्यांनी पहिल्यांदा मिटली. ती ओट्यापाशी उभी राहून मूठ मिटत, उघडत राहिली आणि तिला रडू आलं. बरगडीतलं टोचणं गेलं. आठवडाभरात तिनं माळा आवरला, खिडक्या पुसल्या, अक्षदाच्या सगळ्या फ्रॉकची उसवलेली शिवण घातली. लॅबमध्ये दोघांचं काम एकटी करू लागली. सगळंच जरा जास्त स्पष्ट दिसत होतं, सिरिंजवरच्या रेघा, रिक्षावाल्याच्या कानातला केस, आणि डोक्यात वाक्यं एकापुढं एक अशी येत होती की एक संपायच्या आत दुसऱ्याला वाट द्यावी लागायची. रोज पहाटे तीनला डोळे टक्क उघडे. नऊ वर्षांची अक्षदा एकदा पोळीचा तुकडा हातात तसाच धरून म्हणाली, “मम्मी, तू किती बोलायलीस.” ज्ञानेश्वरी गप्प झाली. खरंच, किती वेळ बोलत होती ती, आणि कशाबद्दल? त्या दिवसापासून ती स्वतःवर पाळत ठेवू लागली. बोलण्याआधी वाक्य मनात म्हणून बघायची, सरळ आहे ना. दादाचं बोलणं सुरू झालं तेव्हा पहिल्यांदा कुणाला कळलं होतं? त्याला स्वतःला कळलं होतं का? की त्यालाही असंच वाटत होतं, की आत्ता कुठं सगळं नीट दिसायला लागलंय? हे विचारायला तिच्यापाशी एकच माणूस होतं, प्रेरणा मॅडम, आणि त्यांना विचारायचं तर आधी ती रेघ खोडायला लागली असती. मॅडम म्हणतील, मग तेव्हा का नाही सांगितलंत? आणि हनुमान खुर्चीत असेल.

ते राहायचे शहराच्या कडेच्या सातारा परिसरात. पाच वर्षांपूर्वी तिथं ज्वारी होती, आता तीन मजली इमारतींच्या ओळी होत्या आणि नळ नव्हते. बोअर डिसेंबरातच आटले होते. टँकर यायचा तो दोन-तीन दिवसांनी, गल्लीच्या तोंडाशी लांब भोंगा वाजवत, आणि बायका हंडे-ड्रम घेऊन खाली धावायच्या. एप्रिलातल्या एका दुपारी ज्ञानेश्वरीनं भोंगा ऐकला. लांब, दोनदा. दोन हंडे घेऊन ती जिने उतरली. गल्लीत कुणी नव्हतं. ऊन, एक कुत्रं, आणि खालच्या मजल्यावरच्या चतुराबाई दारात चिंचा फोडत बसलेल्या.

“मावशी, टँकर गेला का?”

“आला कवा?”

“भोंगा वाजला ना आत्ता.”

चतुराबाईंनी तिच्याकडं बघितलं. “नाय बाई. काल येऊन गेला. आज कामून येईल?” आणि मग, तिच्या तोंडावर काहीतरी दिसलं असेल म्हणून, समजुतीनं, “तिकडं बायपासला वाजला असंल यखांदा.”

असंलही. बीड बायपास काही लांब नव्हता, तिथं ट्रकचे भोंगे दिवसभर वाजत. पण तिला तो गल्लीच्या तोंडाशी ऐकू आला होता, आणि ह्याचा निकाल लावता येणार नव्हता. काचेच्या नळीत भरून तासाभरानं बघण्यासारखा हा आवाज नव्हता. हंड्यात हंडा घालून ती जिना चढली, दार लावलं आणि पाठ टेकून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं चार गोळ्या तळहातावर घेतल्या, हनुमान कंपनीच्या बसला, चितेगावला, निघून जाईपर्यंत मुठीत धरल्या, आणि परत पाकिटात टाकल्या. ही शुक्रवारची गोष्ट. लॅबमध्ये काम करणाऱ्या बाईला हे माहीत असायला हवं होतं की इतक्या दिवसांनी ही गोळी अशी एकदम सोडत नाहीत; कागदावरही छापलेलं होतं. तिला माहीत होतंही. पण भीती एकाच बाजूला बघू देत होती. शनिवारी बोटं परत ताठली, पोटात ढवळायला लागलं. रविवारी हनुमान घरी होता, अक्षदाला त्याच्यावर सोपवून, आप्पांचे गुडघे दुखतात, बघून येते, असं सांगून ती पिशोरच्या एसटीत बसली. का जातोय हे तिनं स्वतःलाही नीट सांगितलं नाही.

गावापासून वस्ती अर्धा कोस. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी काळी रानं भेगाळून पडलेली, नदीच्या पात्रात कुणीतरी झरा खणून त्यावर काटेरी फांदी ठेवलेली. चालताना दोनदा तिला खाली बसावं लागलं. बिभीषण बाभळीखाली होता. लांब काठीच्या आकडीनं फांद्या हलवून शेंगा पाडत होता आणि मेंढरं त्याच्या पायांत गर्दी करून खात होती. तिला बघून त्यानं आकडी खाली ठेवली. त्याचा हात थोडा कापायचा, तो गोळ्यांमुळं, हे तिला माहीत होतं. तरी तिनं आधी त्या हाताकडंच बघितलं. “दादा,” म्हणाली आणि बुंध्याला धरून बसली, आणि बसता बसताच तिला उलटी झाली.

त्यानं मडक्यातलं पाणी आणलं, तिचं तोंड धुतलं, रुमाल भिजवून मानेवर ठेवला. बऱ्याच वेळानं, सवयीप्रमाणं एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा, म्हणाला, “झोप येती का?”

“नाही.”

“कवापास्नं?”

“दोन हप्ते झाले.”

“गोळी चालू हाये कंची?”

तिनं सांगितलं. सांध्याची, सुजेची. मग म्हणाली, “दोन दिवस झाले, सोडली.”

तो तिच्यासमोर उकिडवा बसला. “एकदम? एकदम नसती सोडायची, ज्ञाने. कंची बी आसू. म्या सोडली व्हती, आई गेली तवा. म्हनलं, आता गोळी खाल्ली का इचारनारं कोन हाये. आठ दिस बरं वाटलं. लई बरं वाटलं. मंग आप्पा समोर उभे अन् म्या त्येन्ला वळखंना.” तिला तेव्हा फोनवर आप्पांनी एवढंच सांगितलं होतं की बिभ्यानं आईचं मनाला लावून घेतलंय. “संगं हायेत का गोळ्या?”

पाकीट पर्समध्येच होतं. त्यानं आपल्या फडक्यातली भाकर सोडली, अर्धी तिच्या हातात दिली. “उपाशी नाय खायची.” ती चावत राहिली, तो पाण्याचं भांडं धरून बसला. मग त्यानं तळहात पुढं केला आणि तिनं त्यावर चार गोळ्या काढल्या, आणि त्याच्या कापणाऱ्या हातावरून एकेक उचलून गिळल्या.

सावली सरकली तशी ती सरकली. अंगात जरा धग आल्यावर म्हणाली, “मला टँकरचा भोंगा ऐकू आला. टँकर नव्हता.” त्यानं मान हलवली, जणू तिनं शेळी व्याल्याचं सांगितलं. तेवढ्यानं तिला पुढचंही बोलता आलं. “दादा, डॉक्टरणीनं विचारलं होतं, घरात कुणाला मनाचा आजार आहे का. मी नाही म्हणले.”

बिभीषणनं एक कोकरू ओढून घेतलं, कान उलटा करून त्यातली गोचीड काढली, दगडावर ठेवून दुसऱ्या दगडानं चिरडली. कोकराला सोडलं नाही, तसंच धरून राहिला. “मंग त्या बाईला कसं कळायचं?” तो म्हणाला.

ह्यापेक्षा तो रागावला असता तर बरं झालं असतं असं तिला वाटलं.

सोमवारी सकाळी मेंढरं आप्पांवर सोडून तो तिच्याबरोबर शहरात आला. तिच्या लग्नातला पांढरा शर्ट घातला होता, तो पोटावर ताणलेला. एसटीत खिडकीशी बसून तो बाहेर बघत होता, आणि तिनं फोन करून हनुमानला कंपनीतून थेट दवाखान्यात बोलावलं. प्रेरणा मॅडम आधी चिडल्या. दोन दिवस गोळ्या बंद, तेही लॅबमधल्या बाईनं. मग तिनं भावाचं सांगितलं, आणि त्यांनी पेन खाली ठेवलं. बिभीषणला त्यांनी खुर्ची दिली, कधीपासून, सुरुवात कशी झाली, आधी ताप होता का, कोणत्या गोळ्या, ते सगळं विचारलं. तो गोळ्यांची नावं बरोबर सांगत होता. हनुमान भिंतीला टेकून उभा होता.

“भोंगा भास होता का?” ज्ञानेश्वरीनं विचारलं.

“असेल. नसेलही. तुमची झोप गेलीय आणि मन धावतंय, ते नक्की, आणि गोळ्यांनी ते होतं. डोस टप्प्याटप्प्यानं उतरवू, दुसरं औषध सुरू करू. मानसोपचाराच्या डॉक्टरांना मी आत्ताच फोन करते, आजच जा.”

हनुमान भिंतीपासून पुढं आला. “मॅडम, म्हंजे आमच्या पोरीला बी?”

“बापाचं नाक येतं तसं हे येत नाही,” त्या म्हणाल्या. “शंभर बारीक गोष्टी मिळून धोका थोडा वाढतो. ज्यांच्या घरात आहे त्यांच्यातल्या बहुतेकांना काहीही होत नाही. सुजेचा त्यात किती हात, ते आम्हालाही अजून नीट कळलेलं नाही. कुणी छातीठोक सांगितलं तर त्याचं ऐकू नका.”

दोन दिवस हनुमान तिच्याशी बोलला नाही. मेव्हण्याला ताट वाढायचा, त्याच्यासाठी पंखा आपल्या बाजूनं फिरवायचा, अक्षदाला अंघोळीला पाणी काढून द्यायचा, आणि ज्ञानेश्वरी खोलीत आली की उठून गॅलरीत जायचा. बुधवारी ड्रमवर फडकं बांधताना, तिच्याकडं पाठ करून, म्हणाला, “भाऊ आजारी हाये म्हणून राग नाय मला. दहा वर्सं झाली. अन् मला त्या मॅडमसमोर कळतं.”

“तुम्ही सोडून द्याल वाटलं.”

“आधी वाटलं आसंल. नंतर कामून?”

न सांगितलेल्या गोष्टीला वर्षं झाली की ती सांगायची जागाच घरात राहत नाही, असं काहीतरी तिला म्हणायचं होतं. तिनं ड्रमच्या दोरीचं दुसरं टोक धरलं. त्यानं ते तिच्या हातातून काढून घेतलं नाही.

गुरुवारी दुपारी ती तीन तास झोपली आणि उठली तेव्हा डोक्यात एका वेळी एकच वाक्य होतं. बोटं थोडी दुखत होती. ते दुखणं तिला जवळपास ओळखीचं, आपलं वाटलं. भीती गेली नव्हती. मोटारीचा भोंगा वाजला की ती अजून आधी खिडकीशी जाऊन मोटार बघत होती. पण आता ती नुसती मागं वळून बघत नव्हती, विचारत होती, “वाजला ना?” आणि बिभीषण किंवा अक्षदा, जे कुणी असेल ते, व्हय किंवा नाय सांगत होतं.

बिभीषणला शनिवारी परत जायचं होतं. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला तो बैठकीत खाली बसून आपल्या गोळ्या मोजून पुडीत बांधत होता, अक्षदा त्याच्यासमोर पालथी पडून चित्र रंगवत होती. हनुमान दारापाशी चपलेचा अंगठा शिवत होता. ज्ञानेश्वरी ओट्याशी लसूण सोलत होती, तिथून तिला तिघंही दिसत होते.

“मामा, तू कशाच्या गोळ्या खातो?”

अक्षदा, इकडं ये, हे शब्द ज्ञानेश्वरीच्या ओठांपर्यंत आले. तिनं पाकळी नखानं दाबली. हनुमाननंही दाभण थांबवलं होतं.

“मला आवाज यायचे,” बिभीषण म्हणाला. “मानूस नसायचं, आवाज यायचा.”

“काय म्हणायचे?”

“वंगाळ बोलायचे. कंदी आईच्या आवाजात, कंदी कुनाच्या बी. गोळी खाल्ली का लांब जातेत. रस्त्यावरून मानसं बोलत चालल्यावानी. मंग म्या माझं काम करतो.”

अक्षदानं रंगाची कांडी बदलली. थोडा वेळ रंगवलं. “मम्मीला पण आले?”

“तिला झोप नव्हती. आता येती.”

“मला येतील का?”

बिभीषणनं पुडीची गाठ मारली, सोडली, परत मारली. त्यानं ज्ञानेश्वरीकडं बघितलं. तिनं मान खाली घातली नाही.

“बहुतेक नाय यायचे,” तो म्हणाला.

“आणि आले तर?”

“आले तर मला सांगायचं. पयल्याच दिशी. भ्यायचं नाय, लपवून ठिवायचं नाय. म्या लगीच येतो.”

अक्षदानं हे नीट ऐकून घेतलं. मग वहीचं शेवटचं पान उघडून म्हणाली, “तुझा नंबर सांग.” त्याच्याकडं मोबाईल नव्हता, आप्पांच्या खिशात असायचा तोच दोघांचा. तो डोळे मिटून, दोन दोन आकडे करत सांगू लागला आणि ती पेन्सिल दाबून लिहू लागली. शेवटी जरासा अडला, मग म्हणाला, “सत्तेचाळीस.”

“चौऱ्याहत्तर,” हनुमान दारातून म्हणाला. “शेवटी चौऱ्याहत्तर हाये, भाऊ. उलटं झालं.”

अक्षदानं खोडलं आणि हनुमानजवळ वही नेऊन परत सगळा नंबर विचारून घेतला.